क्वेकचा मिशन पॅक: फोल्डर चुकला की सगळेच चुकले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत जुन्या कॉम्प्युटर गेमवर लेख आला आणि त्यात १९९६ च्या 'क्वेक'ला अर्धे पान मिळाले, हे पाहून बरे वाटले. माळ्यावर झाकून ठेवलेला पीसी असो की मुंबईच्या भावाने वापरून दिलेला लॅपटॉप, यांवर आजही सुरळीत चालणाऱ्या मोजक्या शूटर गेमपैकी हा एक आहे. पण लेखाच्या शेवटच्या चौकटीत त्याच्या एक्स्पान्शन पॅकबद्दल (मूळ गेमला जोडायचा जादा भाग, म्हणजेच मिशन पॅक) दोन वाक्ये आहेत आणि दोन्ही वाचकाला खड्ड्यात घालणारी आहेत. पहिले, 'हे पॅक इंटरनेटवर मोफत मिळतात'. दुसरे, 'डाउनलोड केलेल्या फाइल मूळ गेमच्या फोल्डरमध्ये टाकाव्यात'. पहिले बेकायदा आहे. दुसरे केले, तर पॅक चालणार नाहीच, वर चालता गेमही बंद पडेल. गणपतीला घरोघरी भावंडे जमतील आणि चौकट कापून ठेवलेला कुणीतरी हा उद्योग करणारच, म्हणून हे सविस्तर पत्र. जागेअभावी काटछाट करावी लागली तर जरूर करावी, फोल्डरचा मजकूर मात्र कापू नये.

क्वेकचे अधिकृत पॅक दोन, दोन्ही १९९७ चे. पहिला 'स्कर्ज ऑफ आर्मागॉन', हिप्नॉटिक इंटरॅक्टिव्हने केलेला. याच मंडळींनी पुढे रिच्युअल हे नाव घेऊन 'सिन' काढला. दुसरा 'डिसोल्यूशन ऑफ इटर्निटी', रोग एंटरटेनमेंटचा. मूळ गेम इड सॉफ्टवेअरचा, पॅक बाहेरच्या दोन चमूंचे, म्हणून त्यांची चवही वेगळी. लेखात दोन्हींना 'जादा लेव्हल' म्हटले आहे, ते अपुरे आहे. नवी शस्त्रे, नवे राक्षस, नवे संगीत आणि गेमचे नियम सांगणारी बदललेली प्रोग्राम फाइल, एवढे सगळे त्यांत आहे. मात्र पॅक स्वतःच्या पायावर उभा राहत नाही. मूळ गेमची भिंतींची चित्रे, आवाज, जुने राक्षस तो मूळ फोल्डरातूनच उचलतो. मूळ गेम पूर्ण नसेल तर पॅकची सीडी नुसती बशी.

आता फोल्डर. क्वेकचा सगळा माल 'पॅक' (इंग्रजीत पी, ए, के) या प्रकारच्या फाइलींत बांधलेला असतो. मूळ गेमच्या फोल्डरात 'आयडी१' नावाचा उपफोल्डर असतो आणि त्यात दोन फाइल असतात: 'पॅक०.पॅक' सुमारे १८ एमबी आणि 'पॅक१.पॅक' सुमारे ३३ एमबी. गोची अशी की पहिल्या मिशन पॅकच्या फाइलीचे नावही 'पॅक०.पॅक' आणि दुसऱ्याच्या फाइलीचेही तेच. लेखात सांगितल्याप्रमाणे ती 'आयडी१'मध्ये टाकली की विंडोज विचारते, जुनी फाइल बदलू का? घाईत 'हो' दाबले जाते आणि मूळ गेमचा निम्मा माल जागेवर पुसला जातो. काही हुशार मुले नाव बदलून 'पॅक२.पॅक' करतात. इंजिन (गेम चालवणारा मूळ प्रोग्राम) शून्यापासून क्रमाने पॅक फाइली वाचत जाते, त्यामुळे ती फाइल उघडते खरी, पण पॅकमधला 'स्टार्ट' हा नकाशा मूळ 'स्टार्ट'वर चढतो, नियमांची फाइलही चढते, आणि मूळ गेम सुरू केला तरी पॅकचेच दालन समोर येते. नव्या शस्त्रांची चित्रे खालच्या पट्टीत दिसत नाहीत, जुने सेव्ह उघडताना कुरकुरतात. मग दोष पॅकला दिला जातो.

बरोबर मांडणी साधी आहे. मुख्य फोल्डरात, 'आयडी१'च्या शेजारी, त्याच्या आत नव्हे, दोन नवे फोल्डर: 'हिप्नॉटिक' आणि 'रोग'. पहिल्यात स्कर्जची 'पॅक०.पॅक', दुसऱ्यात डिसोल्यूशनची. नावे इंग्रजी छोट्या लिपीत. विंडोजला मोठी-छोटी लिपी चालते, पण जुन्या पीसीवर लिनक्स घातले असेल (आणि कमी रॅमच्या मशीनवर तेच शहाणपणाचे), तर सीडीवरून मोठ्या लिपीत आलेली फाइल इंजिनला सापडत नाही. फोल्डरही छोट्या लिपीत, फाइलही. आणि 'हिप्नॉटिक'चे स्पेलिंग एच, आय, पी असे. शब्दकोशातले 'वाय'वाले स्पेलिंग घातले तर इंजिन तक्रार न करता मूळ गेम उघडते आणि माणूस तासभर नवी शस्त्रे शोधत बसतो.

सुरू करण्यासाठी गेमचा शॉर्टकट करावा, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टार्गेट'च्या ओळीत शेवटी एक जागा सोडून वजा चिन्ह आणि त्याला चिकटून 'हिप्नॉटिक' लिहावे. टार्गेटभोवती अवतरणचिन्हे असतील तर हा मजकूर त्यांच्या बाहेर. दुसऱ्या पॅकसाठी तसेच 'रोग'. इतर फुकट मॉडसाठी (हौशी मंडळींनी गेममध्ये केलेले बदल) 'वजा गेम' आणि पुढे फोल्डरचे नाव अशी रीत असते. तीच इथे वापरली तर मूळ इंजिनात लेव्हल उघडतात, पण नव्या शस्त्रांसाठी लागणारी खालची पट्टी येत नाही, कारण तिची सोय इंजिनातच या दोन शब्दांशी बांधलेली आहे. दोन्ही पॅक एकत्रही लावू नयेत. एकाची शस्त्रे दुसऱ्यात नेता येतील ही आशा सोडावी.

सुरू करताना येणाऱ्या दोन तक्रारी ओळखून ठेवाव्यात. 'जीएफएक्स.वॅड सापडत नाही' अशी ओळ आली तर इंजिनला 'आयडी१' फोल्डरच दिसलेला नाही: बहुधा इंजिनची फाइल एक पायरी वर किंवा खाली पडली आहे. 'मॉडिफाइड गेमसाठी रजिस्टर्ड आवृत्ती हवी' असे आले तर आपल्याकडे पहिल्या भागाची फुकट शेअरवेअर प्रत आहे, 'पॅक१.पॅक' नाही. इंजिन त्या फाइलीत 'पॉप' नावाचे एक छोटे चित्र शोधते. ते सापडले की प्रत पूर्ण, नाही सापडले की मिशन पॅकला दार बंद.

इथेच लेखातल्या 'मोफत'चे मूळ असावे. इड सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९९ मध्ये क्वेकचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली (कोणालाही वापरू आणि बदलू देणारा परवाना) खुला केला. खुला झाला तो कोड, म्हणजे इंजिन. नकाशे, चित्रे, आवाज, संगीत हे सगळे अजून मालकीचेच आहे. शेअरवेअरचा पहिला भाग वाटायला हरकत नव्हती, मिशन पॅक त्यात कधीच नव्हते. शिवाय आता फुकटाच्या मागे लागण्याचे कारणही उरलेले नाही: ऑगस्ट २०२१ मध्ये नाइटडाइव्ह स्टुडिओजने नव्याने सजवलेली प्रत आली, तिच्यात मूळ गेम, दोन्ही मिशन पॅक आणि मशीनगेम्सचे 'डायमेन्शन ऑफ द पास्ट' (२०१६) व 'डायमेन्शन ऑफ द मशीन' असे सगळे एकाच किमतीत आहे. सेलच्या काळात ती बरीच स्वस्त मिळते. फुकटच्या साइटवरून घेतलेल्या झिपमध्ये पॅकबरोबर आणखी काय येते, हे कुडाळ-चिपळूणच्या कुठल्याही कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला विचारावे.

नव्या प्रतीचे इंजिन मात्र जुन्या मशीनवर चालेलच असे नाही. तेव्हा प्रत विकत घ्यावी, त्यातला डेटा उचलावा आणि इंजिन आपल्या मशीनला झेपेल ते लावावे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातल्या प्रतीत नवा डेटा 'रीरिलीज' नावाच्या फोल्डरात आणि जुना त्याच्या बाहेर असतो. दोन्हींची सरमिसळ करू नये. इंजिन निवडताना ग्राफिक्सकडे पाहावे. 'आयर्नवेल' सर्वांत वेगवान, पण त्याला ओपनजीएल ४.३ लागते. 'व्हीकेक्वेक'ला व्हल्कन लागते (दोन्ही ग्राफिक्स कार्डाशी बोलण्याच्या पद्धती). २०१२ पर्यंतच्या साध्या इंटेल ग्राफिक्सवर दोन्ही रुसतात. तिथे 'क्वेकस्पॅझम' लावावे. ते कमी ओपनजीएलवर भागवते, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालते आणि १९९७ च्या दोन्ही पॅकसाठी पुरून उरते. मूळ गेमची किमान गरज पेंटियम ७५ आणि डॉसमध्ये ८ एमबी रॅम एवढीच होती, हे लक्षात घेतले तर घरातले कुठलेही चालू मशीन या कामाला बलदंड आहे. अपवाद 'डायमेन्शन ऑफ द मशीन'चा. त्याचे नकाशे इतके मोठे की जुन्या इंजिनच्या मर्यादांत बसत नाहीत. मूळ इंजिन एका नकाशात ६०० च्या वर वस्तू धरतच नाही.

एक सोय कोकणासाठी मुद्दाम सांगण्यासारखी. क्वेकस्पॅझमला लाँचर, लॉगिन, इंटरनेट काही लागत नाही. इंजिन आणि तीन फोल्डर पेनड्राइव्हवर घेतले की झाले. संगीत सोडले तर सगळे मिळून दोनशे एमबीच्या आतले प्रकरण आहे. म्हणजे डाउनलोड मुंबईत किंवा तालुक्याच्या गावी करून आणावे. नाहीतर पावसात टॉवर बंद पडला की स्टीम कधी कधी लॉगिन मागते आणि विकत घेतलेला गेम समोर असून उघडत नाही.

ज्यांच्याकडे अजून मूळ सीडी आहे त्यांनी ती या पावसाळ्याआधीच उतरवून ठेवायला हवी होती. आपल्याकडच्या दमट, खाऱ्या हवेत सीडीच्या अ‍ॅल्युमिनियमच्या थराला कडेने हवा लागते आणि तो काळवंडत आत सरकतो. सीडी ट्यूबलाइटसमोर धरावी. टाचणीने टोचल्यासारखे उजेडाचे ठिपके दिसले तर तिथला थर गेला आहे, पुसून परत येणार नाही. नुसती बुरशी किंवा डाग असेल तर साबणाच्या सौम्य पाण्यात मऊ कापड बुडवून मधून कडेकडे, सरळ रेषेत पुसावे. गोल गोल पुसू नये, कारण गोल ओरखडा वाचण्याच्या मार्गावरच पडतो आणि ड्राइव्हला तो सावरता येत नाही. वाचताना ड्राइव्हचा वेग कमी करावा.

सीडी उतरवताना सर्वांत जास्त हरवते ते संगीत. क्वेकच्या सीडीवर पहिला ट्रॅक डेटाचा, आणि २ ते ११ हे साधे ऑडिओ ट्रॅक, ट्रेंट रेझनर आणि नाइन इंच नेल्सचे. फाइल कॉपी केल्या किंवा नुसती आयएसओ काढली तर फक्त पहिला ट्रॅक येतो आणि गेम मुका होतो. बिन-क्यू प्रकारची इमेज (सीडीची हुबेहूब नक्कल) काढावी, किंवा ऑडिओ ट्रॅक वेगळे रिप करून ऑग फाइली कराव्यात आणि 'आयडी१'च्या आत 'म्युझिक' फोल्डर करून त्यात 'ट्रॅक०२', 'ट्रॅक०३' अशी नावे देऊन ठेवाव्यात. अंक दोन आकडी हवा, 'ट्रॅक२' चालत नाही. मिशन पॅकचे संगीत वेगळे आहे, ते त्या त्या पॅकच्या फोल्डरात स्वतंत्र 'म्युझिक'मध्ये. हे न केल्यास इंजिन त्याच क्रमांकाचे मूळ गेमचे गाणे लावते आणि स्कर्जच्या खाणीत भलतेच संगीत वाजते. बऱ्याच जणांना हे कळतही नाही. पॅकचे संगीत कधी ऐकलेलेच नसते.

सीडीवरचा जुना डॉस इन्स्टॉलर आजच्या ६४ बिट विंडोजवर चालत नाही, त्यावर डोके आपटू नये. डॉसबॉक्समध्ये (जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्राम) सीडी जोडून तिथे इन्स्टॉल करावे, मग तयार झालेल्या पॅक फाइली उचलून आणाव्यात.

बसवण्याबद्दल इतके पुरे. आता पॅकच्या आत काय आहे, कारण लेखात तेही नाही.

आधी स्कर्ज खेळावा, मग डिसोल्यूशन. स्कर्जमध्ये तीन भाग, शेवटी मुख्य शत्रू आर्मागॉन स्वतः. तीन गुप्त लेव्हलही आहेत. नवी शस्त्रे तीन. लेझर कॅनन 'सेल' (विजेचा दारूगोळा) खातो आणि त्याचा मारा भिंतींवरून उसळून परत येतो, अरुंद बोळात तो झाडणारालाच लागतो. म्योल्निर हा हातोडा: सेल असतील तर जमिनीवर आपटताच आजूबाजूला वीज पसरते, घेरले गेल्यावर उपयोगी, सेल संपले की नुसता हातोडा. तिसरे प्रॉक्सिमिटी गन: सुरुंग भिंतीला चिकटतो आणि कुणी जवळ आले की फुटतो. त्याला रॉकेटचाच साठा लागतो, म्हणून उधळपट्टी नको. ६ ची कळ ग्रेनेड लाँचर आणि या गनमध्ये अदलाबदल करते. लेझर आणि हातोडा ९ आणि ० वर अपेक्षित असतात, पण जुनी सेटिंग फाइल आणली असेल तर त्या कळा कोऱ्या राहतात. तेव्हा कन्सोल (गेममध्ये आदेश टाइप करायची जागा) उघडून ९ ला 'इम्पल्स २२५' आणि ० ला 'इम्पल्स २२६' बांधावे. कन्सोलची कळ १ च्या डावीकडची. मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड चालू राहिला असेल तर आधी इंग्रजीवर यावे, नाहीतर कन्सोलमध्ये काहीच धड उमटत नाही.

राक्षसांत खरा त्रास ग्रेमलिनचा. तो अंगाशी आला की हातातले शस्त्र पळवतो आणि त्याच शस्त्राने आपल्यावर झाडतो. त्याला मारले की शस्त्र परत मिळते, म्हणून रॉकेट लाँचर हातात घेऊन ग्रेमलिनसमोर जाऊ नये, शॉटगन पुढे करावी. दुसरी खोड अशी की तो पडलेली प्रेते खातो आणि पोट भरले की एकाचे दोन होतात. म्हणून जवळपासचे राक्षस मारतानाच ग्रेनेडने चिंधड्या होतील असे मारावेत, दारूगोळा वाया गेला असे वाटले तरी. विंचवासारख्या सेंट्रॉइडला दुरून, आडोशाने मारावे, जवळ गेले की नांगी. तरंगणारे काटेरी सुरुंग आपल्या मागे लागतात, दिसता क्षणी लांबून फोडावेत. एम्पथी शील्ड घेतले असेल तर लागणाऱ्या इजेतला निम्मा भाग मारणाऱ्यावर उलटतो. त्या काळात उलट पुढे घुसायचे असते, लोक सवयीने लपतात.

नकाशांच्या बाबतीत स्कर्ज हा मूळ गेमपेक्षा काही ठिकाणी सरस आहे, असे माझे मत. गोल फिरणारी यंत्रे, फिरती दारे मूळ क्वेकमध्ये नव्हती, ती हिप्नॉटिकने बसवली, आणि 'लॉस्ट माइन' या खाणीच्या लेव्हलला त्यामुळे जिवंतपणा आला.

डिसोल्यूशनने दुसरी वाट धरली. दोन भाग, पंधरा लेव्हल, पण पूर्ण नवे शस्त्र देण्याऐवजी जुन्यांना नवा दारूगोळा: लाव्हाचे खिळे, फुटून पसरणारे ग्रेनेड, एकदम सुटणारी अनेक रॉकेट, प्लाझ्मा. शस्त्राची कळ पुन्हा दाबली की दारूगोळा बदलतो. हे ठाऊक नसल्याने अर्धा पॅक साध्या खिळ्यांवर काढणारे पुष्कळ. काही पुतळे अंगावर येतात, म्हणून दालनात शिरल्यावर सरदारांच्या मूर्तींकडे पाठ करू नये. नकाशे मात्र काही ठिकाणी उगाच लांबवलेले वाटतात.

लेखात सर्वांत मोठी चूक राहिली ती न लिहिण्याची. हे दोन्ही पॅक चौघांनी मिळून, एकाच बाजूने खेळता येतात. चतुर्थीला चाकरमानी लॅपटॉप घेऊन येतात, आरती-भजनानंतर पडवीत चार मशीन लागतात, इंटरनेट नसते. तेव्हा करायचे असे. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करावा, त्यात डेटा नसला तरी चालतो. चारही मशीन त्यालाच जोडावीत. सगळ्यांकडे तेच इंजिन, तीच आवृत्ती, तोच पॅक हवा. एखाद्याकडे निराळे जुने इंजिन असेल तर यजमानाने क्वेकस्पॅझममध्ये सर्व्हर प्रोटोकॉल (मशीनांनी आपसात बोलण्याची रीत) १५ करावा, नाहीतर त्याचे जोडणे तुटते. यजमानाने मल्टिप्लेअरमध्ये 'न्यू गेम' घ्यावा, प्रकार 'कोऑपरेटिव्ह', खेळाडू ४. 'वजा हिप्नॉटिक'ने सुरू केले असेल तर तिथल्या यादीत पॅकचेच भाग दिसतात. खेळाडूंची संख्या सर्व्हर चालू झाल्यावर बदलता येत नाही, म्हणून आधीच ठरवावी. बाकीच्यांनी 'जॉइन गेम'मधून स्थानिक गेम शोधावा, न सापडल्यास यजमानाचा आयपी पत्ता टाकावा.

न जुळण्याचे कारण दहातल्या नऊ वेळा विंडोजची फायरवॉल. हॉटस्पॉटला विंडोज 'पब्लिक' समजते आणि दार लावते. तो जोड 'प्रायव्हेट' करावा. काही जण यूडीपी २६००० हे पोर्ट तेवढे उघडतात आणि तरीही जोडणे अर्ध्यात अडकते. कारण २६००० वर फक्त दार वाजवले जाते. आत घेतल्यावर सर्व्हर प्रत्येक खेळाडूला वेगळे पोर्ट देतो. म्हणून पोर्ट नव्हे, इंजिनच्या प्रोग्रामलाच परवानगी द्यावी.

आपल्याच माणसाला गोळी लागू नये म्हणून 'नो फ्रेंडली फायर' निवडतात, तरी लागतेच. इंजिन जोडीदार ओळखते ते पॅन्टच्या रंगावरून. चौघांनी पॅन्टचा रंग एकच ठेवावा, शर्ट हवा तो. कोऑपमध्ये किल्ल्या आणि शस्त्रे उचलली तरी जागेवर राहतात. प्रत्येकाने स्वतः उचलायची असतात, मात्र किल्लीचे दार एकाने उघडले की ते सगळ्यांसाठी उघडे राहते. मेलेला खेळाडू लेव्हलच्या सुरुवातीच्या शस्त्रांनिशी परत येतो, मधे मिळवलेली किल्ली गमावतो आणि दार अजून उघडलेले नसेल तर त्याला ती पुन्हा आणावी लागते. बाहेरच्या दारात एकाने पाऊल टाकले की चौघेही पुढच्या लेव्हलला जातात, म्हणून घाईखोराला मागे ठेवावे.

आता लाइटचा प्रश्न. एकटा खेळताना एफ६ ने झटपट सेव्ह, एफ९ ने परत. सेव्ह ही साधी मजकूर फाइल असते आणि पॅकच्या फोल्डरातच राहते. ती लिहिली जात असताना लाइट गेली तर फाइल अर्धी राहते आणि उघडत नाही. म्हणून नुसत्या एफ६ वर विसंबू नये, मेनूतून आलटून पालटून दोन-तीन जागी सेव्ह करावे. कोऑपमध्ये मात्र सेव्ह करताच येत नाही, इंजिन सरळ नकार देते. तिथे यजमान म्हणून बॅटरी शाबूत असलेलाच लॅपटॉप घ्यावा, कारण यजमान बंद पडला की चौघांचाही खेळ संपला. पुन्हा सुरू करताना आदल्या लेव्हलचे नाव कन्सोलमध्ये टाकावे. स्कर्जमध्ये नावे 'हिप१एम१', 'हिप२एम३' अशी, डिसोल्यूशनमध्ये 'आर१एम१', 'आर२एम४' अशी, आधी 'मॅप' हा शब्द. शस्त्रे गेलेली असतील. ती मिळवायला 'इम्पल्स ९' ही प्रसिद्ध युक्ती कोऑपमध्ये चालत नाही, पण 'गिव्ह ७' लिहून रॉकेट लाँचर आणि 'गिव्ह आर ५०' लिहून रॉकेट घेता येतात. लबाडी नव्हे, महावितरणने नेलेले परत घेणे.

किरकोळ दोन गोष्टी. फ्रेमचा वेग ७२ वरच ठेवावा. जुन्या इंजिनांत तो वाढवला की लिफ्ट आणि फिरती यंत्रे चुकीची वागतात. पाणी पारदर्शक करण्याची सोय मोहात पाडते, पण मूळ नकाशे त्या हिशेबाने बांधलेले नाहीत, त्यामुळे पाण्यापलीकडे करडी पोकळी दिसते. 'आर नोव्हिस' १ केल्यास ती जाते, मात्र दुबळ्या मशीनचा वेग पडतो. पाणी अपारदर्शकच बरे. ज्यांना हे गेम पाहून आंबा घाट उतरल्यासारखी मळमळ होते त्यांनी 'सीएल बॉब' आणि 'सीएल रोलअँगल' शून्य करावे आणि 'एफओव्ही' (दृष्टीचा कोन) ९० वरून १०० करावे.

रक्त भरपूर आहे, कमी करण्याची सोय नाही. पॅकवर प्रौढांसाठीचे 'एम' रेटिंग होते, ते पुरवणीतल्या बच्चेकंपनीच्या पानाशेजारी छापताना नमूद व्हायला हवे होते.

दुरुस्ती छापाल तेव्हा वर देवनागरीत दिलेले आदेश रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत, वेगळ्या चौकटीत छापावेत ही विनंती. वाचकाला ते तसेच टाइप करायचे आहेत. आणि 'वजा' हा कीबोर्डवरचा साधा हायफन आहे. छपाईत तो लांब डॅश झाला तर तेवढ्यानेही पॅक उघडणार नाही.

आपला,
एक वाचक, सिंधुदुर्ग